मदत हवी आहे: घाट उतरताना ब्रेक मऊ पडतो, पॅड, डिस्क, ऑइल यातलं काय काय बदलू?

राम राम मंडळी. पाचोऱ्याहून लिहितोय. गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात ते), मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. वडिलांच्या उपचारासाठी दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, त्यामुळे कन्नड घाट काही चुकत नाही.

मागच्या खेपेला परतताना घाटात गाड्या तुंबल्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होतो, तरी पुढचा थांबला की ब्रेक मारावाच लागायचा. चाळीसगावच्या बाजूला पायथ्याशी पोचेस्तोवर पेडल मऊ पडलं आणि बरंच खाली जायला लागलं. पंप केलं की ब्रेक लागायचा. वडील मागे झोपले होते, त्यांना काही बोललो नाही. गाडी कडेला घेतली. निवल्यावर पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! स्टिअरिंग थरथरण्याचा त्रास मात्र जुना आहे, ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की होतो.

इथल्या मिस्त्रीने पुढची चाकं खोलली तेव्हा शेजारीच उभा होतो. डाव्या चाकाचं बाहेरचं पॅड बरं आहे, आतलं पार पत्र्याला टेकायला आलंय. उजवीकडे दोन्ही सारखे झिजलेत. डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढा काठ उभा राहिलाय. डिस्कवर किमान जाडी 15 मिमी कोरलेली आहे, व्हर्नियरने 15.4 भरली. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालंय. बिलं चाळली, ते बदलल्याची नोंद कुठेच नाही.

हा मिस्त्री म्हणतो, पॅड टाका, डिस्क लेथवर टर्निंग करून (घासून सपाट करून) घेऊ, ऑइल नुसतं टॉप-अप करू. जळगावचा दुसरा म्हणतो, पुढच्या डिस्कसकट सगळं नवीन टाका. पैसे जपून खर्च करायचेत, पण वडिलांना घेऊन त्या घाटात पुन्हा तसं पेडल नकोय. नेमकं काय करू? आणि एकाच बाजूचं आतलं पॅड एवढं का झिजलं असेल, हे कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद 1
भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घ्या, सगळं तिथंच अडकलंय. डावा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या स्लाइड पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या असणार, किंवा आतल्या पॅडला ढकलणारा पिस्टन मागे फिरत नसेल. मग ब्रेक सोडला तरी आतलं पॅड डिस्कला घासतच राहतं आणि चाक तापतं. ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलला लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान 205 अंश असतो, पाणी मुरलं की प्रमाणानुसार 140 पर्यंत येतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेलं आणि निवल्यावर परत आलं. पेडल कडक असून गाडी थांबत नसती तर पॅडवर संशय घेतला असता.

म्हणून ऑइल पूर्ण बदला, टॉप-अप अजिबात नको. पॅड झिजले की लेव्हल आपोआप उतरते. वरून भरून ठेवलंत तर नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑइल उतू जाईल, आणि ते रंग खातं. झाकणावर डॉट 3 लिहिलं असेल तर डॉट 4 चालतं. डॉट 5 टाकू देऊ नका, ते सिलिकॉनचं असतं. बाटली सीलबंदच घ्या, तुमच्यासमोर फोडायला लावा.

डिस्कचं म्हणाल तर काठ उभा असला की व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. खरी जाडी 15.4 पेक्षा कमीच असेल. त्यात टर्निंग केलं तर 15 च्या खाली जाणारच. दोन्ही बाजूंच्या डिस्क नवीन घ्या, एकच बदलू नका. मागचे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ड्रम ब्रेक लावणारे) गळत नाहीत ना, तेही ड्रम उघडून बघून घ्या.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत. भर एवढीच, की नवी डिस्क बसवण्याआधी हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. गंजाचा कण मध्ये राहिला तरी डिस्क वाकडी फिरते आणि स्टिअरिंग पुन्हा थरथरतं. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. चाकाचे नट तिरपे-तिरपे, टॉर्क पान्याने आवळा. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत वेग हळूहळू उतरवा, असं पुन्हा पुन्हा करा, पूर्ण थांबू नका, मध्ये निवू द्या. हे झाल्याशिवाय घाटात जाऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार. पिनांचं नावही दोन्ही मिस्त्रींनी काढलं नव्हतं. उद्या आधी तेच उघडायला लावतो. दोन्ही डिस्क, पॅड आणि ऑइल बदलायचं पक्कं केलंय. एकच विचारायचंय: एबीएसच्या गाडीच्या ब्रेक लाइनमधली हवा काढायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतोच का?

प्रतिसाद 1
ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊ दिली नाही तर सहसा लागत नाही. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा हवा काढायचा निपल सोडायचा, आणि डबीत ऑइल भरत राहायचं. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर मात्र स्कॅनर लागेल. चाकांचा क्रम तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, गाडीगणिक वेगळा असतो.