मदत हवी आहे: आत्याचा माग लागलाय, पण निरोप पोचत नाही

बाबांच्या धाकट्या बहिणीशी तिच्या लग्नानंतर संबंध तुटले. सासरचं आडनाव टाकून फेसबुकवर शोधलं तर एक प्रोफाइल सापडलं, तिच्या मुलाचं असावं. त्यातल्या एका फोटोत भुवईवर वण असलेली बाई आहे. बाबांनी बघताक्षणी ओळखलं. मुलाला मेसेज केला, पण तो मेसेज रिक्वेस्टमध्ये पडून असणार, आणि त्याने स्वीकारेपर्यंत वाचला की नाही हेही कळत नाही. फोन नंबर कुणाही नातेवाइकाकडे नाही. फोटोखाली उघड कमेंट करायची नाही. भांडण घरातलं होतं, मुलाला कितपत माहीत असेल कोण जाणे. त्याच्या एखाद्या मित्रामार्फत निरोप द्यावा का? आणि फसवणूक वाटू नये म्हणून पहिल्या मेसेजमध्ये नेमकं काय लिहावं?