‘तुतीकडे बोट, शिव्या दुसऱ्याच झाडाला’ हा चिनी वाक्प्रचार नेमका कुठे वापरायचा?

प्रश्न:
हा वाक्प्रचार, ‘जर् सांग मा ह्वाय’, म्हणजे आपलं ‘लेकी बोले सुने लागे’च ना? वाक्यात कसा बसवतात? आणि त्याच्याऐवजी ‘हान शा शं यिंग’ चालेल का?

उत्तर १:
बराचसा तोच, पण धार जास्त. लेकीला बोलून सुनेला वळण लावण्यात माया असू शकते. इथे ‘मा’ म्हणजे सरळ शिव्या, त्यामुळे सूर रागाचाच. सौम्य कानउघाडणीला हा लावू नका.

याच्यापुढे कर्म जोडत नाहीत. ‘त्याने मला जर् सांग मा ह्वाय केलं’ ही रचना चुकीची, आणि शिकणारे हमखास तीच करतात. सहज येणारं वाक्य असं: ‘यौ ह्वा जर् श्वो, ब्ये जर् सांग मा ह्वाय’, म्हणजे काय ते सरळ बोल, आडून टोमणे नकोत. हा बहुधा समोरच्यावर आरोप म्हणूनच येतो, तेव्हा वरिष्ठांसमोर जपून.

उच्चारात चिनी भाषेतले चारही सूर (आवाजाचे चढउतार, ज्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो) आहेत: तिसरा, पहिला, चौथा, दुसरा. ‘मा’ झटकन खाली आणा. तिसरा सूर लागला की त्याचा ‘घोडा’ होतो.

उत्तर २:
‘हान शा शं यिंग’ चालणार नाही. पाण्यातला एक प्राणी तोंडातली वाळू माणसाच्या सावलीवर मारतो आणि माणूस आजारी पडतो, अशी जुनी समजूत त्यामागे आहे. म्हणजे नाव न घेता केलेली बदनामी; बोलणाऱ्याचा हेतूच वाईट. नुसतं आडवळणाने विचारणं किंवा सुचवणं असेल तर ‘पांग छ्याव त्सं जी’ घ्या. त्यात शिवीही नाही, विषही नाही.

उत्तर ३:
एक भर. युद्धनीतीवरच्या ‘छत्तीस युक्त्या’ या जुन्या चिनी संग्रहात ‘जर् सांग मा ह्वाय’ २६वा आहे, पण तिथे अर्थ सरकतो: एकाला धडा शिकवून बाकीच्यांना वचक बसवणं. तो अर्थ रोजच्या बोलण्यात आणू नका.

आडून टीकेसाठी इतिहास वापरला तर शब्द वेगळा: ‘ज्ये गू फंग जिन’. मिंग काळाचे अभ्यासक आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान यांचं हाय रुई या मिंग अधिकाऱ्यावरचं नाटक १९६१ साली रंगमंचावर आलं. १० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या ‘वन ह्वे पाव’ या वृत्तपत्रात समीक्षक याव वनयुआन यांनी त्यात चालू राजकारणावरची टीका शोधून काढली. पुढे माओंनी नाटकातला पदच्युत हाय रुई म्हणजे फंग दहुआय (माओंवर टीका केल्यावर पद गेलेले संरक्षणमंत्री) असा अर्थ लावला. वू हान १९६९ साली कैदेत वारले. लेखकाच्या मनात काय होतं यावर आजही वाद आहे. शिक्षा मात्र वाचणाऱ्याने लावलेल्या अर्थावर झाली.