मदत हवी आहे: हैदराबाद ई-प्रीच्या गुणांत २ चा फरक. बाबांची वही चुकली की मी?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहितेय. फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींची मालिका, तिच्या एकेका शर्यतीला ई-प्री म्हणतात) नेमाने बघणारं कुणी इथे असेल तर कृपया मदत करा, चार दिवस एकाच पानावर अडून बसले आहे.

बाबा सातपूरला महिंद्रात होते, आता निवृत्त आहेत. २०१४ साली फॉर्म्युला ई सुरू झाली तेव्हा महिंद्राचा संघ उतरला आणि गाडीत करुण चंढोक बसला. त्या दिवसापासून बाबांनी हिशेबाची एक लांबडी वही घातली. प्रत्येक शर्यतीचे पहिले दहा, ज्याचे त्याचे गुण आणि उजव्या रकान्यात चालू बेरीज. २०१७ साली बर्लिनला रोझेनक्विस्टने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला, ते पान तर सगळं लाल शाईत आहे. यंदा पावसात कपाटाला ओल धरली, वहीच्या कडा हाताला येऊ लागल्या, म्हणून मी ती एक्सेलमध्ये उतरवून घेतेय.

२०२२-२३ च्या मोसमात गाडी अडली. ११ फेब्रुवारी २०२३ ची हैदराबादची शर्यत आम्ही स्वतः पाहिली आहे: बाबा, मी आणि माझा भाचा. नाशिकरोडहून देवगिरीने गेलो होतो. भारतातली पहिली फॉर्म्युला ई, हुसेन सागरच्या काठचे रोजच्या रहदारीचे रस्ते, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि त्यांना जवळजवळ घासत जाणाऱ्या उघड्या चाकांच्या गाड्या. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरांची किंचाळी इतकी स्पष्ट ऐकू येत होती की बाबा डोळे मिटून 'आता ब्रेक, आता वळण' असं सांगत होते. शेवटच्या फेऱ्यांत वेर्नची बॅटरी संपत आलेली, मागे कॅसिडी चिकटलेला. अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने वेर्न जिंकला. झेंडा पडला तसे आम्ही निघालो, कारण सिकंदराबादहून मनमाडची अजिंठा गाठायची होती. बक्षीस समारंभ पाहिला नाही.

बाबांनी गाडीत बसून पेन्सिलीने लिहिलेला क्रम असा: वेर्न, कॅसिडी, बुएमी, दा कोस्ता, वेर्लाइन, सेट्टे कामारा, रोलंड. त्याप्रमाणे पाचव्या वेर्लाइनला १०. त्याआधी त्याचे ६८ होते (मेक्सिकोत दुसरा म्हणून १८, मग दिरियाच्या दोन्ही शर्यती जिंकून २५ आणि २५). म्हणजे झाले ७८. अधिकृत तक्त्यात मात्र ८० आहेत. हा फरक पुढे मिटतही नाही. मोसमाच्या शेवटी बाबांकडे वेर्लाइन १४७, अधिकृत १४९.

दुसरं, जेक डेनिस. मेक्सिको जिंकला, दिरियाला दोन्हीदा दुसरा. २५ + १८ + १८ = ६१. सगळीकडे ६२ दिसतात. हा एक गुण कुठून आला?

बाबांना विचारलं तर म्हणाले, 'मोठ्या पडद्यावर मी डोळ्यांनी बघितलंय, बुएमी तिसरा होता.' आणि ते खोटं बोलत नाहीत, मीही तिथेच होते. त्यांची वही त्यांना न पटवता बदलायची माझी इच्छा नाही. नक्की काय झालं ते कळलं तर फार बरं होईल.

पिटलेन

ताई, तुमच्या बाबांनी पाहिलं ते बरोबरच आहे. बुएमीने रेषा तिसऱ्या क्रमांकानेच ओलांडली होती. पण त्याच्या गाडीने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्याचं निघालं. त्या मोसमातल्या गाडीला शर्यतीत ३०० किलोवॅट आणि अटॅक मोडमध्ये (थोडा वेळ मिळणारी जादा शक्ती) ३५० एवढीच मुभा होती. गाडीतून निघणारी शक्ती सतत मोजली जाते, त्यामुळे हे लपत नाही. त्याच्या वेळेत दंड मिळवला गेला आणि तो पहिल्या दहातूनच बाहेर गेला.

मागचे सगळे एकेक पायरी वर सरकले. दा कोस्ता तिसरा (ती त्याची शंभरावी शर्यत होती), वेर्लाइन चौथा म्हणून १० ऐवजी १२. तुमचे २ गुण इथे सापडले.

सिन्नरकर

डेनिसचा जादा १ गुण वेगवान फेरीचा. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारणारा पहिल्या दहात असेल तरच तो मिळतो. पोलचे, म्हणजे पात्रता फेरीत पहिला येणाऱ्याचे, ३ वेगळे. बाबांनी पोलचा रकाना ठेवलाय का ते बघा. मेक्सिकोला महिंद्राचा डी ग्रासी पोलवर होता आणि शर्यतीत तिसरा, म्हणजे १५ + ३ = १८. तिथे १८ लिहिले असतील तर पोल त्यांनी धरलाय, फक्त वेगवान फेरी राहून गेलीय.

आणि हैदराबादला पोल मिच इव्हान्सची. तो आणि त्याचाच संघसोबती सॅम बर्ड एकमेकांना धडकून दोघेही बाद झाले, तरी पोलचे ३ त्याचेच. ते काढून टाकू नका.

गोदाकाठ

माझं एक सांगणं. पेन्सिलीचा क्रम पुसू नका. एक्सेलमध्ये दोन रकाने करा, 'झेंड्याला' आणि 'अंतिम'. रस्त्यावरच्या शर्यतीत दंड नेहमीचेच, हा घोळ इतर पानांवरही निघेल. शिवाय त्या दिवशी स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला काय दिसलं याची नोंद अधिकृत तक्त्यात मिळत नाही. ती तुमच्याकडेच आहे.

विजेतेपदापुरता या २ गुणांनी फरक पडला नाही. हैदराबादला डेनिसला मागून धडक बसली, शून्य गुण. वेर्लाइनची आघाडी ६ वरून १८ वर गेली. तरी मोसमाअखेर डेनिस २२९ गुणांनी पहिला, कॅसिडी १९९ ने दुसरा, वेर्लाइन चौथा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. मेक्सिकोच्या पानावर डी ग्रासीपुढे १८ च आहेत, म्हणजे सिन्नरकर म्हणतात तसंच झालंय.

काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना सगळं वाचून दाखवलं. बुएमीचं ऐकून गप्प झाले. मग विचारलं, 'म्हणजे आपला रोलंड सातवा नाही, सहावा?' मी म्हटलं, हो, ६ नाही, ८ गुण. महिंद्राची घरची शर्यत, आणि ते दोन गुण त्यांनी इतकी वर्षं कमी धरले होते. चष्मा पुसला, लाल पेन मागितलं. पेन्सिलीची ओळ तशीच ठेवून शेजारी लिहिलं, 'बुएमी, जास्त शक्ती, दंड. रोलंड ६ वा.' खाली भाच्याकडून बेरीज तपासून घेतली.

आता दोघं २०१४ पासूनची पानं दंडासाठी परत तपासायला बसले आहेत. 'झेंड्याला' आणि 'अंतिम' हे दोन रकाने मी केलेत. जुन्या एखाद्या शर्यतीत अडलो तर याच धाग्यावर विचारेन.