मदत हवी आहे : अंजनी आणि हिरडा यांचे परागकण वेगळे कसे ओळखावेत?

नमस्कार मंडळी,

मुळशी तालुक्यातल्या एका लहान देवराईची उजाड झालेली कड पुन्हा झाडांनी भरून काढावी, असे गावकऱ्यांच्या मनात आहे. परंतु तिथे पूर्वी कोणती झाडे होती याबद्दल जुन्या माणसांचे एकमत नाही. देवराईत एक कुंड आहे आणि त्याच्या गाळात जुने परागकण टिकून असणार, कारण स्पोरोपोलेनिन या चिवट पदार्थाचे त्यांचे बाह्यकवच सहजी कुजत नाही. मात्र तो गाळ वाचण्याआधी आज उभ्या असलेल्या झाडोऱ्याचे पराग हवेतून कोणत्या प्रमाणात खाली येतात हे कळायला हवे, म्हणून गेली दोन वर्षे मी बांबूला व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या बांधून दर आठवड्याला बदलत आहे आणि सोबत खडकांवरचे मॉसही गोळा करत आहे. मॉसच्या गादीत काही वर्षांचे पराग एकत्र साठतात.

हवा झाडांची शिरगणती सरळपणे करत नाही, हे पहिल्याच वर्षी ध्यानात आले. देवराईत वावळ एकही नाही, तरी फेब्रुवारीच्या काचपट्ट्या ओढ्यापलीकडच्या वावळांच्या परागांनी भरलेल्या असतात. गवत तर बारमाही सापडते, आणि त्याचे एकाच छिद्राचे गोल कण पाहून जात सांगता येत नाही. उलट उंबराचे पराग चिलटाएवढ्या गांधीलमाश्या नेतात, त्यामुळे दारातच उंबर असून पट्टीवर त्याचा मागमूस नाही. एवढी गफलत मी समजून घेऊ शकतो.

माझी खरी अडचण अंजनीची आहे. अंजनी सदाहरित आणि हिरडा पानगळीचा; म्हणजे कडेला कोणते रान होते याचा निवाडा बराचसा या दोघांवर अवलंबून आहे, आणि नेमके यांचेच कण एकमेकांसारखे दिसतात. दोन्हींत तीन खऱ्या खाचा (ज्यांतून परागनलिका बाहेर येते) आणि त्यांच्या मधोमध तीन फसव्या, म्हणजे नुसत्या दिसायला खाचेसारख्या, खाचा असतात. ऐनाचेही तेच. काचपट्टीवर मी तारखेचा आधार घेतो, कारण आमच्याकडे अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या गुच्छांनी झाकल्या जातात तेव्हा हिरडा अजून फुलावर आलेला नसतो. पण मॉसला आणि गाळाला तारीख कुठून आणणार?

कळ्यांतून पराग काढून नमुना-पट्ट्या बनवल्या आणि आकार मोजून पाहिला. महिन्याभराने तेच कण पुन्हा मोजले, तर ज्या ग्लिसरीन जेलीत ते पट्टीवर बसवले होते, तिच्यात ते फुगलेले आढळले. अशा वेळी जेलीऐवजी, कण न फुगवणारे सिलिकॉन तेल वापरणारे कोणी इथे आहे का, आणि त्यात मोजलेल्या आकारावरून या दोन झाडांत विश्वासाने फरक करता येतो का?

दुसरे असे की, अ‍ॅसिटोलिसिससाठी (आम्लाने कणाचा आतला गर काढून फक्त कवच उरवण्याच्या पद्धतीसाठी) अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल नवास एक प्रमाणात लागते. पाण्याचा थेंब राहिला तरी ते मिश्रण उसळते, आणि आमच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढून नेणारे कपाट) नाही. म्हणून मी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर भागवतो, मात्र त्यात कणाच्या आतला गर पूर्ण जात नाही आणि फसव्या खाचा अंधूक दिसतात. हे काम सुरक्षितपणे करून देणारी एखादी प्रयोगशाळा पुण्याच्या आसपास कोणाच्या माहितीची असल्यास कृपया कळवावे.

हे कण वेगळे करणे अशक्यच असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. मग मी दोन्ही एकाच रकान्यात मोजेन आणि कडेचा निर्णय जांभळासारख्या सहज ओळखू येणाऱ्या त्रिकोणी कणांवर सोपवेन. ४०० आणि १००० पट मोठे केलेले फोटो कोणी मागितल्यास इथेच टाकतो.