खापरपणजोबांचा शोध: १८६१ आणि १८७१ च्या खानेसुमारीतला मुलगा एकच का?

धरमपेठकर: नमस्कार. माझ्या आजीचे आजोबा इंग्लंडहून रेल्वेत फिटर म्हणून नागपुरास आले आणि येथेच राहिले. १८८५ च्या विवाहनोंदीत त्यांचे वय २८ असून वडिलांचे नावही आहे. इंग्लंडातील क्रू या रेल्वे कारखान्याच्या गावी त्याच नावाचा मुलगा खानेसुमारीत (जनगणनेत) १८६१ मध्ये ३ वर्षांचा, तर १८७१ मध्ये १४ वर्षांचा सापडतो; १८८१ मध्ये मात्र तो नाही. वय जुळत नसताना हा आमचाच माणूस मानावा काय? १८८१ ची नागपूरची घरनिहाय यादी कोठे मिळेल?

महालकर: वर्षा-दोन वर्षांच्या फरकावरून कोणालाही बाद करू नये. कुटुंबप्रमुखांनी भरलेले त्या काळचे मूळ तक्ते पुढे नष्ट करण्यात आले. आपण पाहतो ती गणनाकाराने वहीत उतरवलेली नक्कल, आणि तीतही वयांची मोजदाद करताना कारकुनांनी मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा आकड्यांवरूनच गेलेल्या असल्याने इंग्रजी तीनचा आठ वाटणे नित्याचेच आहे. त्यापेक्षा कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव हे रकाने पाहावेत. प्रमुखाचे नाव विवाहनोंदीशी जुळते का, आणि तीच भावंडे त्याच क्रमाने दोन्ही वर्षी येतात का, यावरून मुलगा ठरेल. (१८४१ पर्यंत मागे गेलात तर सावध राहा. तेथे नाते लिहिलेलेच नाही, आणि १५ वर्षांवरील वय सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेले आहे. २५ लिहिलेला माणूस २९ चाही असू शकतो.)

१८८१ मध्ये ते नसणे मला तरी अनुकूल वाटते, कारण ३ एप्रिलच्या रात्री जे इंग्लंडात होते तेच मोजले गेले; तोवर ते इकडे आले असावेत. तरीही आईवडिलांचे घर त्या वर्षीही शोधावे; आडनाव चुकीचे वाचले गेल्याने मुलगा घरात असूनही शोधात न येण्याची शक्यता उरतेच.

सदरवासी: नागपूरची यादी मिळणार नाही. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी येथेही गणना झाली, परंतु घरनिहाय तक्ते जपले गेले नाहीत. छापील अहवालांत केवळ गोळाबेरीज आहे. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदींच्या प्रती मात्र लंडनला जात, आणि त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मुलांच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करावी, कारण त्यात वडिलांचा हुद्दा आणि वास्तव्य असते.

महालकर: खापरपणजी येथीलच असल्यास तिच्या माहेरासाठी कोतवाल बुक पाहावे. जात पडताळणीसाठी तहसिलीच्या चकरा मारलेल्या कोणालाही ही वही ठाऊक असते. गावातील जन्ममृत्यू तीत नोंदलेले आढळतात.