कोकणकड्यावर सूर्यास्त बघून त्याच रात्री पाचनईला उतरणं जमेल का?

चौथामजला

लोकहो, हरिश्चंद्रगड अनेकदा केलेल्यांनीच सांगा, कारण घरात यावरून तीन दिवस वाद चालू आहे.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. १९७९ साली ते मित्रांबरोबर खिरेश्वरकडून, टोलारखिंडीतून गडावर गेले होते. तेव्हा कोकणकड्यावर ढग होते, सूर्यास्त दिसला नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात हा विषय निघतो. यंदा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला शनिवार ठरवलाय. रोज सकाळी ते येऊरच्या बाजूला पाच-सहा किलोमीटर चालतात, दम चांगला आहे. चढताना काही होत नाही, उतरताना उजवा गुडघा बोलतो.

माझा बेत असा. ठाण्याहून पहाटे ५ ला निघायचं, कसारा-घोटी-राजूर करत साडेदहापर्यंत गडाच्या पायथ्याचं पाचनई. ११ ला चढाई, दीड-दोनपर्यंत मंदिर. पिठलं-भाकरी, केदारेश्वराची गुहा, थोडी विश्रांती. साडेचारला कोकणकडा. मोबाइलवर त्या दिवशीचा सूर्यास्त ६:०२ दाखवतोय, आणि संधिप्रकाश ६:२६ पर्यंत. म्हणजे २४ मिनिटं उजेड, पुढे हेडटॉर्च. साडेआठपर्यंत गाडीपाशी.

गडावर मुक्काम का नको, तर बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं आणि तंबूत झोपणं त्यांना मान्य नाही. ("मी काय सर्कशीत आहे का?")

भाऊ म्हणतो वेडेपणा आहे. बाबा म्हणतात भावाला काही कळत नाही. २४ मिनिटांत किती अंतर मागे पडेल, एवढंच मला हवंय.

पायवाट_मोडलेली

ताई, भावाचं ऐका.

कड्यापासून मंदिरापर्यंतच तुम्हा-आम्हाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, काकांना चाळीस धरा. सूर्य बुडल्यावर कोणी लगेच उठत नाही. फोटो होतात, "अजून रंग येतील" होतं, पाणी पिणं होतं. सव्वासहाला निघालात तर मंदिराशी येईपर्यंत सात. तिथे काळोख झालेला असतो आणि खरी उतरण अजून सुरूही झालेली नसते. म्हणजे तुमची २४ मिनिटं सपाटीवरच संपली. कातळाचा टप्पा, रेलिंगची जागा, ओढ्यातले सुटे धोंडे, सगळं अंधारात आणि बोलक्या गुडघ्यासकट.

ती २४ मिनिटंसुद्धा उघड्या पठारावरची आहेत. झाडीत शिरलात की त्यातली निम्मी गेली. पाचनईकडची वाट गडाच्या उत्तर अंगाला आहे आणि डिसेंबरात सूर्य मावळतो नैर्ऋत्येकडे झुकून. म्हणजे वर ऊन असतानाच तिकडे गडाची सावली पडलेली असते. मोबाइलला मधला डोंगर माहीत नसतो, तो सपाट क्षितिज धरून वेळ सांगतो.

मी लोकांना नेतो तेव्हा सूर्यास्ताची वेळ फक्त उलट मोजायला वापरतो. ६:०२ ला सूर्यास्त, तर साडेपाचला सगळे गाडीपाशी हवेत. काकांना उतरायला अडीच तास धरा, म्हणजे मंदिर ३ ला सोडायचं. म्हणजे कडा सव्वादोनला. त्या वेळी तिथे डोक्यावर ऊन असतं, सूर्यास्त नसतो. एका दिवसात दोन्ही बसत नाही. टॉर्चने गणित बदलत नाही.

भटका_सोमवार

एवढं घाबरवू नका हो. आम्ही सात जण रात्री दहाला टॉर्चवर उतरलोय, काही झालं नाही. वाट मळलेली आहे, रेलिंग आहे. काका रोज चालतात म्हणजे फिट आहेत.

पायवाट_मोडलेली

सात जण, वय काय तुमचं? आणि "काही झालं नाही" हे उतरून झाल्यावर म्हणता येतं.

ग्रहलाघवी

मी नागपूरचा, भूगोलाचा निवृत्त मास्तर. गडावर एकदाच गेलोय, त्यामुळे वाटेबद्दल बोलत नाही, आकाशाबद्दल बोलतो.

आमच्याकडे त्याच दिवशी सूर्य ५:३७ च्या सुमारास मावळतो, मुंबईत ६:०५ ला. घड्याळ सगळ्या देशाचं एक, ८२.५ अंश रेखावृत्ताचं. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ दहा अंश, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणून मुंबईचा मध्यान्ह डिसेंबरात बारा वाजून छत्तीस मिनिटांनी होतो. तुमच्या बाबांच्या वडिलांना विचारता आलं असतं तर त्यांनी 'मुंबई टाइम' सांगितला असता. तो आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे होता आणि मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होता. असो, मास्तरकी.

सांगायचं आहे ते बोटांबद्दल. हात लांब करून सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये चार बोटं आडवी मावली की सूर्यास्ताला एक तास, असं हल्ली व्हिडिओंत सांगतात आणि ट्रेकर मंडळी ते पाठ करतात. हे आपल्याकडे खोटं ठरतं. चार बोटं म्हणजे साधारण सात-आठ अंश. लंडनसारख्या ठिकाणी डिसेंबरात सूर्य तिरका, घसरगुंडीवरून आल्यासारखा उतरतो, तासाला सातेक अंश. तिथे हिशेब जुळतो. आपल्या अक्षांशावर तो बराच उभा उतरतो, तासाला तेराच्या आसपास. म्हणजे चार बोटं उरली की हातात फार तर पस्तीस मिनिटं. यावर विसंबून कड्यावर बसलेला माणूस पंचवीस मिनिटांनी फसतो, आणि तेवढाच तुमचा संधिप्रकाश आहे! कारणही तेच. सूर्य उभा खाली जातो म्हणून आपल्याकडची तिन्हीसांज आखूड.

दुसरं, कोकणकडा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आणि समोर सगळं कोकण खाली. त्यामुळे हवा काचेसारखी असेल तर सूर्य छापील वेळेपेक्षा चार-पाच मिनिटं उशिरा बुडताना दिसेल. पण डिसेंबरात कोकणावर धुरकट थर असतो आणि बहुधा क्षितिजाला टेकण्याआधीच सूर्य त्यात विरघळतो. तेव्हा ६:०२ ला नेमकं काही घडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि तिसरं. डिसेंबरच का? लोकांना वाटतं २२ डिसेंबरला सूर्यास्त सर्वांत लवकर. तो तर नोव्हेंबरच्या अखेरीसच होऊन जातो. त्यानंतर संध्याकाळ हळूहळू लांबू लागते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत राहते, म्हणून दिवस वाढतोय हे जाणवत नाही. संक्रांतीनंतर 'दिवस तिळातिळाने वाढतो' म्हणतात ते अनुभवाला धरूनच आहे, कारण तेव्हा दोन्ही टोकं सुटतात. संक्रांतीच्या सुमारास तुमच्या कड्यावर सूर्यास्त ६:१७ ला होईल. पंधरा मिनिटं फुकट.

थेम्सकाठी

मास्तर, बोटांचा मुद्दा माझ्या अंगावर आलेला आहे. मी लंडनला असतो. इथे डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, पण नंतर पाऊणएक तास दिसत राहतं. तो सराव घेऊन मी सुट्टीत राजमाचीला गेलो. तिथल्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर सूर्यास्त पाहिला आणि आरामात निघालो, लंडनच्या हिशेबाने. खालच्या उधेवाडी गावात पोचायच्या आत कोणीतरी दिव्याचं बटण बंद केल्यासारखं झालं. अंतर किरकोळ होतं म्हणून निभावलं. मोबाइलची बॅटरी ९ टक्के. बायको आजही सांगते.

चौथामजला

सगळ्यांना धन्यवाद. भावाला हा धागा दाखवलेला नाही, दाखवणारही नाही.

बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पायवाट_मोडलेली यांचं उलट मोजणं त्यांनी कागदावर मांडलं (बँकेत होते, ताळा केल्याशिवाय झोपत नाहीत) आणि मान्य केलं. मास्तरांच्या बोटांचा प्रयोग गच्चीवर झाला. समोरच्या इमारतीच्या गच्चीपासून चार बोटं वर सूर्य, आणि तो इमारतीआड जायला ३३ मिनिटं लागली. गुरुवारी पुन्हा केलं, ३४. आता सोसायटीतले दोन आजोबाही रोज हात लांब करून उभे राहतात. खालच्या मुलांना वाटतंय कसलं तरी योगासन आहे.

म्हणजे मुक्काम आला. तंबू नको, यावर मार्ग?

पिठलंभाकरी

ताई, गडावर गावकऱ्यांच्या झोपड्या आहेत, त्यांच्याकडे जेवण मिळतं आणि आधी बोलून ठेवलं तर आडोशाला झोपायची सोयही होते. मुक्कामाचे नियम मात्र अधूनमधून बदलतात, अभयारण्य आहे ना. पाचनईत वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा. काकांसाठी फोल्डिंग खुर्ची आणि एक जास्तीचा टॉर्च. रात्री उठायचं तर तो उशाशी, बॅगेत नव्हे.

चंद्रही बघून घ्या. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो आणि हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. पठारावर टॉर्च लागत नाही. मी दत्तजयंतीच्या रात्री कड्यावरून मंदिरापर्यंत चंद्रप्रकाशात चालले आहे. पण दोन-चार दिवस इकडेतिकडे झालं की बघा. संकष्टीला चंद्रोदयासाठी आपण किती ताटकळतो! तोच हिशेब, रोज पाऊणएक तास उशीर. चतुर्थीच्या भरवशावर सातला कडा सोडलात तर चंद्र तुम्ही जेवायला बसल्यावर येणार.

आणि सकाळी घाई करू नका. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्योदय तिथून दिसत नाही. त्यासाठी तारामती शिखर. काकांना तो चढ नको असेल तर मंदिराशी चहा घेत बसा, ऊन आपणहून येतं.

भटका_सोमवार

सकाळी कड्यावर जाणं अगदीच वाया नाही हां. इंद्रवज्र (धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) दिसायचं तर सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं हवं, म्हणजे सकाळच. संध्याकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा शक्यच नाही. पण त्याला पावसाळ्याचे दिवस हवेत, जानेवारीत नाही. (आणि वय ३१, पायवाटभाऊ. मुद्दा पोचला.)

चौथामजला

जाऊन आलो. संक्रांतीनंतरच्या शनिवारी. मोठं लिहितेय, चालवून घ्या.

ठाण्याहून सव्वापाचला निघालो. राजूरपर्यंत ठीक, पुढच्या रस्त्याने वेळ खाल्ला, पाचनईला पावणेअकरा. बाबा चढताना माझ्या पुढे. दोनला मंदिर. मुक्कामाचं आदल्या आठवड्यात बोलून ठेवलं होतं, त्यामुळे सामान तिथे टाकून हलके झालो. घाई नसली की किती फरक पडतो! केदारेश्वराच्या गुहेत बाबा कंबरभर गार पाण्यात उतरायला निघाले होते, १९७९ ला उतरले होते म्हणून. नाही उतरू दिलं.

कड्यावर पावणेपाचला. छापील वेळ ६:१८. बाबांनी त्यांचं जुनं एचएमटी घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं आणि खुर्चीत बसले, कड्याच्या टोकापासून चांगलं लांब. साडेपाचनंतर हात लांब करून बोटं मोजणं सुरू झालं. शेजारी कॉलेजच्या पोरांचा गट होता, त्यातला एक म्हणाला, "आजोबा, चार बोटं म्हणजे एक तास." बाबांना याचीच वाट होती. त्या मुलाला अक्षांशापासून सगळं ऐकावं लागलं. मास्तर, तुमचं नाव घेऊन.

मग जे झालं ते तुम्ही लिहिलं होतं तसंच. सूर्य लाल झाला, मग तांब्याच्या थाळीसारखा, आणि सहा वाजून सात मिनिटांनी खालून पुसला जाऊ लागला. खाली क्षितिज नव्हतंच, राखाडी पट्टा होता. ६:११ ला पूर्ण गेला. छापील वेळेच्या सात मिनिटं आधी. पोरं "हे काय, बुडलाच नाही" म्हणत उठली आणि निघून गेली.

बाबा उठले नाहीत. मीही नाही, कारण उतरायचं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मुक्काम करायला लावला तो सुरक्षिततेसाठी, पण मला त्यातून मिळाली ती पुढची वीस मिनिटं. सूर्य गेल्यावर त्या राखाडी पट्ट्याच्या वर आधी केशरी, मग वांगी रंगाचं, आणि खाली कोकणात एकेक दिवा. एक पिवळा, मग तीन, मग मोजता येईनात. दिवेलागण वरून बघितली नव्हती कधी. आमच्या पहिल्या बेतात याच वेळी मी "बाबा, चला, चला" करत असते.

६:३५ ला निघालो. झाडीत शिरताच टॉर्च लावावा लागला. अमावस्या जवळ होती, चंद्राचा प्रश्नच नव्हता. मंदिराशी सव्वासातला. भाकरी गरम होती. रात्री दोनदा नाही, तीनदा उठणं झालं, थंडी फार. टॉर्च उशाशी होता, पिठलंभाकरीताई, आभार.

सकाळी साडेआठला ऊन आल्यावर उतरायला लागलो, पावणेबाराला खाली. म्हणजे सव्वातीन तास. पायवाटदादा, तुम्ही अडीच धरले होते.

पायवाट_मोडलेली

पुढच्या वेळी साडेतीन धरतो. काकांचा गुडघा?

चौथामजला

दोन दिवस शेकतायत. भावाला सांगितलंय की गाडीतून उतरताना मुरगळला.