प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची नळी घरी काढणे : सोय की हलगर्जीपणा?

पहाटवारा (धागालेखक)
लघवीची नळी रुग्णाला घरी स्वतः काढायला सांगणे म्हणजे रुग्णालयाने जबाबदारी झटकणे होय आणि असे सांगणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई झाली पाहिजे, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. त्याला चार ओळींत उत्तर देणे मला जमले नसते, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

कर्करोगामुळे माझी संपूर्ण प्रोस्टेट ग्रंथी काढण्यात आली आणि १० व्या दिवशी सकाळी ६ वाजता मी माझ्या हाताने नळी काढली. ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांना वाटते की नळी उपटायची असते. वास्तविक ती मूत्राशयात टिकून राहते ती टोकाजवळच्या फुग्यामुळे, आणि त्या फुग्यात माझ्या बाबतीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी होते. नळीच्या बाहेरच्या टोकाला दोन फाटे असतात; एक पिशवीला जोडलेला आणि दुसरा फुग्याच्या झडपेचा. सुई नसलेली सिरिंज झडपेत घट्ट बसवली की पाणी सिरिंजमध्ये येऊ लागते. जेवढे भरले होते तेवढे परत आल्याची खात्री केली, श्वास सोडत नळी हळूच ओढली आणि ती सरकत बाहेर आली. क्षणभर जळजळ झाली, एवढेच. केवळ तपासणीची वेळ मिळत नाही म्हणून नळी आणखी तीन दिवस ठेवणे हाच खरा हलगर्जीपणा आहे, कारण नळी असेपर्यंत लघवीत जंतू आढळण्याची शक्यता दर दिवसागणिक साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते.

रात्रपाळी
मूत्ररोग विभागात परिचारिका म्हणून मी १९ वर्षे काम करत आहे. नळी काढणे सोपे आहे, यावर वादच नाही. धोका आहे तो काढल्यानंतरच्या सहा तासांत. वॉर्डमध्ये रुग्ण किती पाणी प्यायला, किती लघवी झाली आणि मूत्राशयात किती उरली, हे आम्ही मोजतो. घरी हे कोण मोजणार? पूर्ण ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग टाके घालून नव्याने जोडलेले असतात. लघवी तुंबली, रुग्णाला जवळच्या कोणत्याही तातडीच्या विभागात नेले आणि तेथे कोणी शस्त्रक्रियेची चौकशी न करता नळी पुन्हा जोराने सरकवली, तर तो सांधा फाटू शकतो.

दुसरे असे की, प्रत्येक फुगा १० मिलिलिटरचा नसतो. दुर्बिणीतून प्रोस्टेट कोरल्यावर पुष्कळदा तीन फाट्यांची नळी घालतात आणि तिच्या फुग्यात ३० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक पाणी असते. एका गृहस्थांनी १० ची सिरिंज एकदाच भरून घेतली, फुगा रिकामा झाला असे समजून नळी ओढली आणि रक्ताने भिजलेले कपडे घेऊन ते आमच्याकडे आले. तुमचा एक चांगला अनुभव सर्वांना लागू करू नका.

साधासरळ
आम्हाला तर सिरिंज दिलीच नव्हती. झडपेचा फाटा कात्रीने कापा, पाणी गळून जाईल, असे सांगितले होते. तसे केले आणि काहीही बिघडले नाही.

रात्रपाळी
काही ठिकाणी तसे शिकवतात, हे मला माहीत आहे. पण फाटा एकदा कापला की तेथे सिरिंज लावता येत नाही, आणि किती पाणी आले हेही कळत नाही. घाबरलेला माणूस चुकीच्या जागी कात्री चालवतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेंडेफळ
आपण सर्वजण सिरिंज आणि कात्री यांवर भांडत आहात. माझा आक्षेप 'स्वतः' या शब्दालाच आहे. माझ्या वडिलांचे हात थरथरतात आणि आईला जवळचे दिसत नाही. सुट्टी मिळताना सिस्टरनी दोन मिनिटांत सर्व सांगितले, तेही माझ्याकडे पाहून. घरी वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि मी नळी काढली. पाणी पूर्ण आले, रक्त आले नाही, दुपारपर्यंत लघवीही झाली. रुग्णालयाच्या नोंदीत हे यशस्वीच ठरले असेल. त्यानंतर चार दिवस वडिलांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

साधासरळ
आजारपणात लाज कसली? आपल्याच माणसाने केले, हे चांगलेच झाले.

शेंडेफळ
लाज मला वाटलीच नाही, त्यांना वाटली, आणि ती वाटण्याचा त्यांना अधिकार होता. आपल्या घरी हे काम कोणी केले, ते आधी सांगा.

साधासरळ
पत्नीने. मात्र तिची काही तक्रार नव्हती.

शेंडेफळ
तिला कोणी विचारले होते का? गळती सुरू झाल्यावर पॅड बदलणे, चादरी धुणे, रात्री ताप आला का ते पाहणे, हे सर्व ज्या व्यक्तीच्या माथी येते तिला 'रुग्ण स्वतः काढतो' या वाक्यात जागाच नाही.

पहाटवारा
चर्चा भरकटत आहे. मूळ प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

रात्रपाळी
भरकटलेली नाही. घरी मदतीला कोण आहे, यावरच सुरक्षितता अवलंबून असते. आपण एकट्याने नळी काढलीत का, हे आपण अद्याप सांगितलेले नाही.

पहाटवारा
सिरिंज मी ओढली. टाक्यांमुळे मला वाकता येत नव्हते, म्हणून झडप पत्नीने धरली होती आणि पाण्याचे माप तिनेच दोनदा वाचले. 'माझ्या हाताने' असे लिहिताना हे माझ्याकडून राहून गेले. ते राहायला नको होते, शेंडेफळ यांचे म्हणणे तेवढ्यापुरते मला मान्य आहे. तरीही माझे मूळ मत मी सोडत नाही. ज्याला जमते आणि ज्याची इच्छा आहे, त्याला केवळ नळी काढण्यासाठी प्रवास करून तासन्‌तास बाकावर बसवू नये. फुग्यात किती पाणी आहे हे कागदावर लिहून द्यावे, नळी सकाळी लवकर काढायला सांगावी म्हणजे अडचण आलीच तर दिवसाउजेडी येईल, आणि फोन उचलणारा माणूस असावा. मला दिलेल्या क्रमांकावर तीन वेळा फोन केला, कोणीही उचलला नाही. माझे सर्व सुरळीत झाले म्हणून ते खपून गेले.

रात्रपाळी
फोन उचलला जात नसेल तर घरी काढण्याला माझा विरोध कायम आहे, आणि तो आपल्याच अनुभवामुळे अधिक पक्का झाला आहे. शस्त्रक्रिया ज्यांनी केली त्या पथकाशी बोलता येत असेल, पाणी मागे न आल्यास ओढाताण न करता थेट यायचे हे रुग्णाला नीट समजले असेल आणि त्याने एकदा आमच्यासमोर सिरिंज हाताळून दाखवली असेल, तर निवडक रुग्णांबाबत मी मान्यता देईन, आनंदाने नव्हे. शेंडेफळ, सुट्टी देताना नातेवाइकांकडे पाहून बोलण्याची सवय मलाही आहे. यापुढे मी रुग्णालाच एकट्याला विचारीन की नळी काढताना जवळ कोण असावे असे वाटते आणि कोण नसावे असे वाटते, आणि कोणीच नको असेल तर वॉर्डमध्ये बोलावीन.